मशीन काढायची सही: घरच्यांची, डॉक्टरांची की रुग्णाची?

तापीकाठ (चोपडा तालुका)
गेल्या भाद्रपदात वडिलांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जळगावात एका खासगी दवाखान्यात ११ दिवस व्हेंटिलेटरवर होते. १२व्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "शुद्ध येणार नाही. पण मशीन आम्ही काढत नाही. न्यायचं तर सही करून न्या." कागदावर लिहिलेलं होतं, 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत'. गावापर्यंत धाकटा भाऊ गाडीत वडिलांना श्वास देणारा रबरी फुगा हाताने दाबत होता. ओसरीवर निजवल्यावर त्यालाच हात थांबवावा लागला. तेव्हापासून त्याला झोप नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरणं राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, बसवलं. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. मशीन काढायचं का हे ठरवायला आधी दवाखान्याचं तीन डॉक्टरांचं मंडळ, मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर, आणि मशीन काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. यातलं एक अक्षर आम्हाला कोणी सांगितलं नाही. मंडळाने करायचं ते माझ्या भावाच्या हातून करवलं. प्रत्येक मोठ्या दवाखान्यात हे मंडळ सक्तीचं करा, असं माझं म्हणणं आहे.

पांझरेची लेक (धुळे)
भाऊ, तुमचं दुःख कळतं. तरी माझा विरोध आहे. मी स्वतः २२ वर्षं दवाखान्याच्या वॉर्डात काढली आहेत. 'आता पुरे' कोणासाठी लवकर म्हणतात ते मी पाहिलंय. कर्त्या पुरुषासाठी शेत गहाण टाकून नाशिक गाठतात. विधवा चुलतीसाठी तिसऱ्या दिवशी गाडी बोलावतात. रोजचं बिल डोक्यावर असताना दिलेली संमती मोकळ्या मनाची कशी मानायची? मंडळ त्या संमतीवर शिक्का तेवढा मारील. हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या अरुणा शानबाग या आपल्या सहकारी परिचारिकेला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. तिला मरू द्यावं अशी मागणी आली तेव्हा, २०११ मध्ये, न्यायालयाने तिला जगवू म्हणणाऱ्या त्यांचाच शब्द मानला.

शहाद्याचा डॉक्टर
ताई, अरुणाबाई स्वतःच्या श्वासावर होत्या, तो प्रश्न वेगळा. डॉक्टर सही मागतात ते पोलिसांच्या आणि नातेवाइकांच्या भीतीने, हे मी कबूल करतो. मंडळाने डॉक्टरालाही आधार मिळेल. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम भागातला माणूस मशीनपर्यंत पोचतच नाही, तो वाटेतच जातो. आणि मशीन काढलं म्हणजे उपचार संपले नाहीत. दम लागू नये, वेदना होऊ नयेत म्हणून औषध द्यावं लागतं, कोणीतरी घरी जाऊन पाहावं लागतं. तुमच्या वडिलांना घरी पाठवताना यातलं काही दिलं होतं?

तापीकाठ
नाही. फक्त फाइल दिली.

रावेरकर
१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगणाऱ्या विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडून देह ठेवला. आपल्या मातीला हे नवं नाही.

पांझरेची लेक
विनोबांनी ते शुद्धीत, स्वतः ठरवलं. इथे बेशुद्ध माणसासाठी दुसरेच ठरवतात. भाऊ, तुमचे वडील कधी काही बोलले होते?

तापीकाठ
आजी दवाखान्यात होती तेव्हा म्हणाले होते, "माले घर लई चला, नळ्या नका लावू." आम्ही तिघांनीही ऐकलं होतं. तरी ११ दिवस कोणाच्या तोंडून ते निघालं नाही, कारण जो आधी बोलेल त्याने बाप मारला असं गावात झालं असतं. म्हणून मी गेल्या आठवड्यात माझं वैद्यकीय इच्छापत्र केलं, म्हणजे मी बेशुद्ध असलो तर कोणते उपचार नकोत आणि कोणी ठरवायचं हे आधीच लिहून ठेवलं. दोन साक्षीदार आणि नोटरी. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. कार्यालयात तीन टेबलं फिरलो, घेणारा कोणी भेटला नाही.

पांझरेची लेक
हे मला पटतं. माणसाने स्वतः लिहून ठेवलं तर माझा निम्मा विरोध गेला. पण ज्यांनी लिहिलेलं नाही त्यांच्यासाठी मंडळ नेमाल, तर बाकीच्या घरच्यांच्या पाठीमागे एकदा तरी रुग्णाच्या बायकोला, लेकीला वेगळं बसवून विचारायची सक्ती करा. तुमच्या कागदावर निर्णय घेणारे म्हणून कोणाची नावं आहेत?

तापीकाठ
दोन्ही मुलांची. मुलगी साक्रीला दिलीय. तिला विचारलंच नव्हतं. आज रात्री फोन करतो.