ग्राहक, ग्राही की रिसेप्टर?

खारुताई: मुरुमांवरच्या ॲडापलीन जेलचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'रेटिनॉइक ॲसिड रिसेप्टर'पाशी गाडी अडली. रिसेप्टर म्हणजे ठरावीक रेणू धरून पेशीला निरोप देणारं प्रथिन. आधीच्या अनुवादकाने 'ग्राहक' लिहिलंय. पेशीत कुणी पिशवी घेऊन खरेदीला आल्यासारखं वाटतं!

मोडीबाज: 'ग्राही' आहे की.

वैद्यांची सून: आमच्याकडे ग्राही म्हणजे जुलाब थांबवणारं. बेलफळ ग्राही, जायफळ ग्राही. सासरे भलताच अर्थ घेतील.

मोडीबाज: संदर्भावरून कळतं हो. गुणग्राही, रसग्राही आठवा. गुणग्राही माणूस दिसेल ते उचलत नाही, पारखून घेतो. हे प्रथिनही तसंच, ठरावीक रेणूंनाच जागा देतं. 'संग्राहक' मात्र नको, तो नाणी जमवतो.

पेशीवाला: शब्द पटला, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. इन्सुलिनचा ग्राही पेशीच्या आवरणावर असतो, निरोप बाहेरून घेतो. रेटिनॉइक आम्ल हे अ जीवनसत्त्वापासून पेशीतच तयार होतं आणि थेट केंद्रकात पोचतं. तिथे त्याचा ग्राही, म्हणजे आरएआर, बहुधा आधीच डीएनएला धरून बसलेला असतो. तोही एकटा नाही, आरएक्सआर नावाच्या जोडीदारासोबत. आम्ल नसलं की ही जोडी जनुक दाबून ठेवते. आम्ल खाचेत बसलं की ग्राहीचं एक टोक वळतं, दाबून धरणारी साथीदार प्रथिनं सुटतात, चालना देणारी येऊन चिकटतात आणि जनुकाचं वाचन सुरू होतं. घेणं थोडं, कारभार फार! १९८७ मध्ये फ्रान्समधल्या पियर शाँबाँ आणि अमेरिकेतल्या रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटांनी हा ग्राही स्वतंत्रपणे ओळखला. याचे अल्फा, बीटा, गॅमा असे तीन प्रकार; तुमचं ॲडापलीन मुख्यतः बीटा-गॅमाला धरतं.

खारुताई: मग अ जीवनसत्त्व कमी पडून येणारा रातांधळेपणाही यातूनच?

पेशीवाला: नाही, तिथे रेटिनाल, अ जीवनसत्त्वाचंच दुसरं रूप. ते डोळ्यातल्या ऑप्सिन प्रथिनाला जोडलेलं असतं, उजेड पडला की त्याचा आकार बदलतो. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वच; त्याच्या आणि रेटिनालच्या नावात एका अक्षराचा फरक, काम निराळं. अनुवादात रेटिनॉल, रेटिनाल सांभाळा, टंकताना हमखास घोटाळा होतो.

मोडीबाज: मग 'केंद्रकातील ग्राही' लिहा. 'केंद्रकीय' नको, सरकारी खातं वाटतं.

खारुताई: तेच लिहिते, पहिल्या उल्लेखाला सोबत 'रिसेप्टर'ही ठेवते. फक्त सूनबाई, पत्रक सासऱ्यांच्या हाती लागू देऊ नका.