दहावीतल्या मुलाचा रात्रीचा मोबाईल

प्रश्न (पालक, विश्रामबाग, सांगली): माझा मुलगा यंदा दहावीला आहे. क्लासच्या वेळेमुळे त्याची संध्याकाळची कबड्डी जूनपासून बंद केली. आता तो रात्री एक वाजेपर्यंत मित्रांबरोबर मोबाईलवर गेम खेळतो, आणि मोबाईल काढून घेतला की भरल्या ताटावरून उठून जातो. यात लाड कोणते आणि गरज कोणती, हे कसे ओळखावे?

उत्तर (निवृत्त शिक्षिका, मिरज): ताई, कबड्डीचा उल्लेख आपण ओघात केला आहे, परंतु माझ्या मते मूळ तेथेच आहे. मैदानावर त्याला सवंगडी मिळत होते, चढाई यशस्वी झाली की चारचौघांत कौतुक होत होते आणि घरी येईपर्यंत अंग दमत होते. हे सारे एकदमच थांबल्यावर सोबत आणि कौतुक त्याने मोबाईलवर शोधले, दमणे मात्र राहूनच गेले. आठवड्यातून तीन संध्याकाळी तरी त्याला मैदान परत द्यावे, त्यासाठी एखादा क्लास सोडावा लागला तरी चालेल. (आपल्याकडे क्लास सोडणे म्हणजे जणू शाळाच सोडणे, हे मला ठाऊक आहे.)

उत्तर (समुपदेशक, सातारा): या वयात झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन शरीरात उशिरा वाढू लागते, त्यामुळे उशिरा झोपण्यात सगळा हट्टच असतो असे नाही. तरीही तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते. मोबाईल बंद करण्याची वेळ त्यालाच सुचवू द्या आणि घरातले सर्व मोबाईल रात्री हॉलमध्येच चार्जिंगला लावा. उदासी किंवा एकलकोंडेपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. जगण्याचा कंटाळा आल्याचे तो बोलला, तर मात्र त्याच दिवशी.

उत्तर (पालक, सातारा): वेळ मुलाने ठरवावी, हे मला पूर्णपणे पटत नाही, माझ्या मुलीने साडेबारा सुचवले असते! आम्ही अकराची मर्यादा घातली, मात्र तिच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय जाणे आणि तिच्या चॅट वाचणे बंद केले. घरच्या किराण्याचा महिन्याचा हिशेबही तिच्याकडे सोपवला, आणि तो ती आमच्यापेक्षा काटेकोर ठेवते.

मूळ प्रश्नकर्ती: काल त्याच्याशी बोलले. मंगळवार, गुरुवार आणि रविवार कबड्डी, आणि अकराला मोबाईल बंद, हे त्याने मान्य केले. अडचण एवढीच, की मोबाईल हॉलमध्ये ठेवायला त्याचे वडील तयार नाहीत.