नळाचं पाणी बिघडतं कुठे
नेदरलँड्समध्ये नळाचं पाणी थेट पितात ते तिथल्या भारी शुद्धीकरणामुळे, असं म्हटलं जातं, पण ते मला अर्धंच पटतं. आपल्या मोठ्या शहरांतल्या जलशुद्धीकरण केंद्रांतूनही पाणी सहसा पिण्याजोगंच निघतं, बिघडतं ते वाटेत. दोन तास सोडून पाणी बंद केलं की जलवाहिनीतला दाब जातो आणि गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी आल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी पिण्यासाठी भरू नये.

नेदरलँड्समध्ये दाब चोवीस तास आणि गळती अगदी कमी, त्यामुळे क्लोरीनशिवाय भागतं. आपल्याकडे वाटेत शिरणारे जंतू मारायला नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं लागतं. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पुरवठा करून दाखवलाय!