फ्लेमप्रूफ मोटरचं कव्हर पॉलिश पेपरनं घासलं तर चालतं काय?

निपाणीचा_वायंडर
नमस्कार मंडळी. निपाणीत माझं मोटर भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली, विहिरीच्या, गुऱ्हाळाच्या, फौंड्रीच्या मोटरी भरतोय. परवा एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतनं ठेकेदारानं १० एचपीची फ्लेमप्रूफ मोटर आणून टाकली. स्पिरिट पंपावरची, जळालेली. शनिवारच्या आत पाहिजे म्हणतोय.

उघडली तर साइड कव्हर बॉडीत बसतं त्या जागेवर हलका गंज. पोरानं सवयीनं एका कव्हरावर पॉलिश पेपर मारून आरसा केला. दुसऱ्याला हात घालायच्या आत मी थांबवलं, कारण नेमप्लेटवर टी-४, पेसो, दोन-बी असलं काय काय लिहिलंय. आमच्या कुठल्या मोटरीला एवढी पाटी नसते वो. नेहमीसारखी भरून, फटीत सिलिकॉन मारून दिली तर चालेल काय? वाफ आत जायला नको एवढंच ना?

फौंड्रीवाला_उद्यमबाग
सिलिकॉन कशाला, एमसील लावा. आमच्या पंपाला तीन पावसाळे टिकलंय.

रिटायर_फोरमन_चिकोडी
एमसीलवाले दादा, कृपा करून थांबा.

वायंडर, तुमचा शेवटचा प्रश्न बरोबर आहे, पण समजूत उलटी आहे. ही मोटर वाफेला अडवत नाही. चालू-बंद होताना मोटर गरम-गार होते, श्वास घेते, तेव्हा वाफ आत जाणारच. आत ठिणगी पडली तर ती आतच पेटते. जाड बॉडी तो दणका सोसते आणि तापलेला वायू कव्हर-बॉडीमधल्या त्या बारीक फटीतनं बाहेर येता येता लोखंडाला लागून गार होतो. म्हणून बाहेरची वाफ पेटत नाही. सगळा खेळ त्या फटीच्या लांबीवर आणि रुंदीवर. तुमच्या पोरानं जे घासलं तो गंज नव्हे, मोटरची सुरक्षा होती.

तिथं गंज असला तर लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढायचा, साफ करणारं द्रव न गंजवणारं घ्यायचं. रंग नाही, गॅस्केट नाही, सिलिकॉन सीलंट नाही. न सुकणारं ग्रीस पातळ लावायचं, कंपनीनं सांगितलेलंच. सिलिकॉनची वाफ डिस्टिलरीतल्या गॅस डिटेक्टरचा सेन्सरही मारते. मग गळती झाली तरी घंटा वाजत नाही.

स्पिरिट म्हणजे काय ते पण ध्यानात घ्या. एथॅनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्याच्या वर त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते तापमान, १३ अंशांच्या आसपास. आपल्याकडं डिसेंबरच्या पहाटे कधीमधी पारा तिथवर उतरतो, बाकी वर्षभर वाफ तयारच असते. हवेपेक्षा जड, म्हणून पंपाच्या खड्ड्यात, केबल ट्रेंचमध्ये साचते. हवेत सव्वातीन टक्क्यांच्या पुढं गेली की पेटायला मोकळी. आता तुमची पाटी: टी-४ म्हणजे मोटर बाहेरून १३५ अंशांच्या वर तापणार नाही, दोन-बी म्हणजे कुठल्या गटातल्या वायूंसाठी ती पास झाली ते, आणि पेसो म्हणजे ज्वलनशील-स्फोटक मालाच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं. एका ठिकाणी मी वायरमनला टर्मिनल बॉक्सच्या रिकाम्या भोकात कापडाचा बोळा कोंबताना पकडलं होतं. प्रमाणित प्लग पाहिजे तिथं! जळला असता तर बोळ्यासकट सगळंच गेलं असतं.

आता वायंडिंग. गॅस टॉर्च मारून जुनं कॉपर काढू नका, बॉडी वाकडी होते. तारेचं माप, वेढे, इन्सुलेशनचा वर्ग, सगळं मूळचंच पाहिजे. पण खरं सांगायचं तर आयएस/आयईसी ६००७९-१९, म्हणजे असल्या उपकरणांच्या दुरुस्तीच्या मानकाप्रमाणे काम करणारं वर्कशॉपच ही मोटर भरू शकतं. ते दुरुस्तीची वेगळी पाटी लावतात. चौकोनातला आर असला की मोटर मूळ प्रमाणपत्राप्रमाणंच राहिली असं समजायचं.

आता मला सांगा, मायक्रोमीटर आहे काय?

अथणीचा_ड्राइव्हवाला
जोड म्हणून सांगतो. त्या पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह आहे काय, विचारा. कमी स्पीडला मोटरचा पंखा पण हळू फिरतो, मोटर तापते. नुसत्या सरळ स्टार्टरसाठी पास झालेल्या मोटरीचं टी-४ तिथं धरता येत नाही. जळण्याचं कारण कदाचित तेच असेल. नाहीतर पुन्हा भरून पुन्हा जळेल.

निपाणीचा_वायंडर
काका, मोजलं. घासलेल्या कव्हराचा व्यास एका बाजूला दुसऱ्यापेक्षा सहा शतांश मिलिमीटर कमी आला. ठेकेदाराला फोटोसकट पाठवलं, म्हटलं कंपनीकडं कव्हर मागवा, हे माझ्याच्यानं होत नाही, भरायची मजुरी नको. भडकला. "कोल्हापुरात दोन दिवसांत कुणीही करून देईल" म्हणाला आणि काल संध्याकाळी छोटा हत्ती लावून मोटर घेऊन गेला. बोल्ट मोजून दिले. व्हीएफडी आहे काय विचारलं तर "तुला काय करायचंय" म्हणाला.

बिल्टीवर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्याचा नंबर आहे. फोन करावा म्हणतोय, पण ठेकेदाराच्या दोन मोटरी अजून दुकानात आहेत.

रिटायर_फोरमन_चिकोडी
आजच करा. मोटर परत बसायच्या आधी. आणि सहा शतांश हा आकडा सांगायला विसरू नका.