मदत हवी आहे : बर्फातील प्राण्यांची छायाचित्रे अस्पष्ट का येत असावीत?

यंदाच्या हिवाळ्यात मी प्रथमच बर्फात प्राण्यांची छायाचित्रे काढू लागलो असून गेले तीन आठवडे एकाच अडचणीपाशी अडलो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माझ्याकडे ४०० मिमीची टेलिफोटो (दूरचे मोठे करून दाखवणारी) लेन्स आहे. पहाटे निघायचे, माळाच्या कडेला गाडी लावून इंजिन बंद करायचे, काच खाली घ्यायची आणि दारावरच्या बीन बॅगवर (दाणे भरलेल्या छोट्या पिशवीवर) लेन्स टेकवून वाट पाहायची, असा माझा क्रम असतो. गाडीचा आडोसा असला की प्राणी बिथरत नाहीत, एवढे नक्की. परवा साधारण चाळीस मीटरवर एक कोल्हा आला. मान कलती करून तो बर्फाखालच्या उंदराचा बराच वेळ कानोसा घेत राहिला आणि मग चारही पायांवर उसळून त्याने तोंड खाली करून बर्फात सूर मारला. १/२००० सेकंद इतक्या वेगवान शटर स्पीडने मी वीसेक छायाचित्रे टिपली. घरी येऊन पाहतो तर एकही धारदार नाही. हात हलल्यावर सगळे एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसते, तसे हे नाही. वाहत्या पाण्यातून पाहावे तसे अंगावरचे केस एकमेकांत मिसळले आहेत आणि लागोपाठच्या दोन छायाचित्रांत कानाची कडा निरनिराळी वळलेली दिसते.

फोकस चुकला म्हणावे, तर कोल्ह्याच्या पुढचा आणि मागचा बर्फही तितकाच पुसट आहे. उलट अंगणात तासभर मांडून ठेवलेल्या ट्रायपॉडवरून याच लेन्सने पक्षी टिपले, तेव्हा पीस न् पीस सुटे दिसत होते. तरीही लेन्स दुरुस्तीला द्यावी का, हा माझा प्रश्न आहे.

(बर्फ करडा येण्याची अडचण सुटली आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे छायाचित्र उजळ करण्याची सोय, +१ च्या थोडे वर ठेवून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहतो. त्याविषयी उत्तर नसले तरी चालेल.)

प्रतिसाद :

लेन्स दुरुस्तीला देऊ नका. तुम्ही लिहिलेले नाही, पण येताना गाडीतला हीटर सुरू असणार आणि लेन्स शेजारच्या सीटवर असणार. काच खाली घेताच आतली उबदार हवा बाहेर पडून थंड हवेत मिसळते. दोन्हींची घनता वेगळी असल्याने त्यांतून येणारा प्रकाश क्षणोक्षणी निराळा वाकतो आणि टेलिफोटो लेन्स ती थरथर मोठी करून दाखवते. हा दोष हवेतला असल्यामुळे शटर स्पीड कितीही वाढवला तरी तो जात नाही. शिवाय लेन्स स्वतः गरम असेल, तर हुडमध्ये (लेन्सच्या तोंडावर बसवायच्या नळीसारख्या आडोशात) कोंडलेली हवाही तापत राहते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

लेन्स डिकीत ठेवा, पोहोचण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी हीटर बंद करून सगळ्या काचा खाली घ्या आणि लेन्स पुरती गार होईपर्यंत हुड लावू नका. गाडी अशी लावा की गरम बॉनेटवरून टिपावे लागणार नाही. ऊन वर आल्यावर लांबच्या दृश्यात बर्फावरची हवाही थरथरते. पण म्हणून अंतर कमी करायला प्राण्याच्या मागे जाऊ नये, कारण हिवाळ्यात अन्न आधीच तुटपुंजे असते आणि पळण्यात त्याची शक्ती खर्च होते.

परतताना कॅमेरा बाहेरच हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि घरात तो खोलीइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही. मेमरी कार्ड तेवढे आधी काढून घ्या. पिशवी उघडण्याचा मोह तिथेच होतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :

हीटर थेट माळापर्यंत सुरू असे आणि लेन्स शेजारच्या सीटवरच असे. आज आपण सांगितल्याप्रमाणे केले, थंडीने बोटे आखडली आणि कोल्हा काही आला नाही. परंतु तेवढ्याच अंतरावर कुंपणाच्या खांबावर बसलेल्या कावळ्याच्या चोचीवरचा एकेक हिमकण सुटा दिसतो आहे. लेन्स दुरुस्तीला देण्याचा विचार सोडला आहे.