जुनं विमान उडवायचं की खांबावर चढवायचं? (आणि मध्येच स्पिटफायरची पावती)

अव्रोची_लेक

सूर्यकिरण या हवाई दलाच्या कसरती टीमच्या बडोद्यातल्या शोबद्दलची हरणीच्या निवांतकाकांची शनिवारची पोस्ट ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी: "नऊ विमानांनी वीस मिनिटं डिझेलचा धूर सोडायचा, त्यापायी अर्ध्या बडोद्यानं चार तास रस्त्यावर ताटकळायचं, आणि नाक मुरडलं की देशद्रोही ठरायचं. ज्यांना जुन्या विमानांचा उमाळा येतो त्यांनी म्युझियमात जावं. उडवायचा हट्ट कशाला?"

दोन दिवस गप्प बसले. आज दुधाकडे बघत उभी असूनही दूध उतू गेलं, तेव्हा कळलं की डोक्यात अजून हेच चाललंय.

माझे बाबा दर्जीपुऱ्याला हवाई दलाच्या अकरा नंबर स्क्वॉड्रनमध्ये अव्रो या मालवाहू विमानावर इंजिन फिटर होते. अव्रोच्या डार्ट इंजिनाची ती कान टोचणारी शिट्टी जुन्या बडोदेकरांना सांगायला नको. कारेलीबागेत आमची आई त्या शिट्टीवरून हिशेब करायची. विमान उतरलं म्हणजे बाबा अजून दोन-तीन तासांनी येणार. कारण विमान उतरलं की वैमानिक मोकळा, फिटरचं काम तिथून सुरू. लहानपणी बाबांच्या हातांना रॉकेलसारखा वास यायचा, पण ते नेमकं काय करतात हे मी एकदाच पाहिलं. घरच्यांना आत सोडलं होतं त्या दिवशी. तेवढं एकदा पाहिलं म्हणून बाबांचा दिवस कसा जातो ते मला कळलं.

आता धुराबद्दल. काका, तो इंजिनाचा धूर नव्हे. तापलेल्या झोतात डिझेल फवारतात, त्याची वाफ होऊन पांढरी रेघ दिसते. रंग हवा असेल तर रंग मिसळतात. ती रेघ नसेल तर विमान कुठून कुठे वळलं हे खालून तुम्हाला-मला समजणारच नाही. पंखाला पंख पाच मीटरच्या आत ठेवून उडणारा वैमानिक ना आकाशाकडे बघतो ना जमिनीकडे, तो फक्त शेजारच्या विमानाकडे बघतो. आणि सूर्यकिरणचे वैमानिक कसरतवाले म्हणून भरती झालेले नसतात, ते फ्लाइंग इन्स्ट्रक्टर असतात. मास्तर मंडळी.

जुन्या विमानांचं तर बोलूच नका. खांबावर चढवलेलं विमान बघितलंय ना? टायर बसलेले, काचेवर पांढरा रंग फासलेला, इंजिनाच्या तोंडात पारव्यांची पिल्लं. त्याला विमान म्हणायचं तर दिवाणखान्यातल्या पेंढा भरलेल्या वाघाला वाघ म्हणा.

निवांत_हरणी

ताई, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. त्यावर एक शब्द बोलणार नाही. पण आता माझंही ऐका.

माझी आई ८४ वर्षांची. शोच्या आधी सराव असतो हे तुम्ही शहाणी माणसं विसरता. तीन दिवस रोज सकाळी डोक्यावरून विमानं. पहिल्या दिवशी ती देवघरातून उठून दारात आली आणि म्हणाली, "युद्ध लागलं का रे?" १९७१चा ब्लॅकआउट तिला आठवतो, काचांना काळा कागद चिकटवलेला. तिला सूर्यकिरण आणि शत्रू यातला फरक कसा समजावू?

दुसरं, मास्तर मंडळी म्हणता ना? मग २०११ साली काय झालं तेही सांगा. एचपीटी-३२ ही शिकाऊ विमानं जमिनीवर बसवल्यावर शिकवायला विमानं पुरेनात, म्हणून हवाई दलानं स्वतःच सूर्यकिरण बंद करून टीमची किरण विमानं वर्गात पाठवली. हॉक विमानं घेऊन टीम परत उभी राहिली २०१५ला. चार वर्षं देशाचं काही अडलं? घरात पीठ संपलं की आधी काय बंद होतं? फटाके.

तिसरं, २०१९ला बंगळुरात शोच्या आदल्या दिवशी सरावात दोन हॉक धडकले आणि एक विंग कमांडर गेला. २०२४ला चेन्नईच्या मरीनावर एअर शो बघायला गेलेली पाच माणसं उन्हात गेली. आणि जुनी विमानं उडवायची हौस? २०१५ला इंग्लंडमधल्या शोरहॅमला जुनं हंटर जेट लूप (हवेतला उभा गोल) पुरं न करता हमरस्त्यावर पडलं, अकरा जण मेले. त्यातले कित्येक शो बघायलाही आलेले नव्हते. रस्त्यानं जात होते बिचारे. पारव्याच्या पिल्लांनी आजवर कोणाला मारलेलं नाही.

रावपुरा_रिटर्न्स

काकांचा पार्किंगचा मुद्दा शंभर टक्के. मी गाडी जिथे लावली तिथून शो जितका लांब होता, तितक्यात पायी सुरसागर तलावाला तीन फेऱ्या झाल्या असत्या. पाच वर्षांचा पोरगा खांद्यावर, बायको न बोलता पुढे. (बायको न बोलता पुढे चालते म्हणजे काय ते लग्न झालेल्यांना कळेल.)

पण माझा खरा राग मोबाईलवर आहे. नऊ विमानं डोक्यावर, आणि समोर नऊशे हात वर. मी अख्खा शो एका गृहस्थाच्या टॅबवर पाहिला. टॅब! रोटी शेकायच्या तव्याएवढा! आणि त्यात आलं काय? निळं आभाळ आणि स्वतःचा अंगठा.

घारवाला

सगळे वर बघतात, खाली कोणी बघत नाही. शो संपल्यावर मैदानात फाफड्याचे कागद, शेव-उसळीच्या वाट्या, अर्धे खाल्लेले समोसे. त्यावर घारी. धावपट्टीच्या तोंडाशी घारींना जेवण वाढणं म्हणजे काय ते वैमानिकाला विचारा. बंगळुरात येलहंकाला एअरो इंडिया या विमानांच्या प्रदर्शनाच्या वेळी आसपासची मांसविक्री बंद ठेवतात ती उगीच नाही. आपल्याकडे हेच लोक उत्तरायणानंतर महिनाभर झाडांवरचा मांजा काढत नाहीत. दर वर्षी पंख कापलेली पाखरं मी स्वतः...

रावपुरा_रिटर्न्स

घारवाले भाऊ, आता पतंगावर येऊ नका. हात जोडतो. पतंगावरून मागच्या वेळी दोन मंडळी ग्रुप सोडून गेली.

जुनी_पानं

निवांतराव, 'म्युझियमात जा' हे बडोदेकरानं तरी म्हणू नये. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात १२४ नंबरचं एक स्क्वॉड्रन होतं, त्याचं अधिकृत नाव 'बडोदा'. १९४१ला स्कॉटलंडमध्ये उभं राहिलं, मग लंडनजवळच्या बिगिन हिलला गेलं. विमान कोणतं? स्पिटफायर. आपल्या गावाचं नाव घेऊन स्पिटफायर उडत होती आणि आपल्या पोरांना हे कोणी सांगत नाही. एक उडती स्पिटफायर या आकाशात आणून दाखवा, मग बघू कोणाच्या अंगावर काटा येत नाही. सयाजीरावांची दूरदृष्टी ती हीच!

कोठीचा_कारकून

सयाजीराव १९३९च्या फेब्रुवारीत गेले. युद्ध सप्टेंबरात सुरू झालं. दूरदृष्टी म्हणायची तर फारच दूरची.

जुनी_पानं

बरोबर, त्यांचे नातू प्रतापसिंहराव. घाईत लिहिलं. नाव बडोद्याचंच ना?

कोठीचा_कारकून

नाव बडोद्याचं, पैसा कोणाचा? त्या काळी एका स्पिटफायरची वर्गणीसाठी ठरवलेली नाममात्र किंमत पाच हजार पौंड होती. कोणी संस्थानिक भरायचा, कोणी गाव भरायचं, आणि विमानावर नाव लागायचं. आपल्याकडे ते राजवाड्यातली झुंबरं विकून भरले असं वाटतं का तुम्हाला? माझे आजोबा एका कचेरीत कारकून होते. वॉर फंडाला पगारातून पैसे 'राजीखुशीनं' दिले असं सांगायचे, आणि राजीखुशी म्हणताना हसायचे. आजीला त्या वर्षी लुगडं झालं नाही. ती म्हणायची, "माझं लुगडं विलायतेत उडतंय."

तेव्हा अंगावर काटा माझ्याही येतो, कारण वेगळं.

जुनी_पानं

हे तुमचं नेहमीचं. राजा म्हटला की लुगडं काढायचं. सक्तीचं शिक्षण १९०६ला सगळ्या राज्यात कोणी केलं? गावोगाव वाचनालयं कोणी उघडली? १९४९ला विद्यापीठ कोणी दिलं? ज्या शाळेत तुमचे आजोबा अक्षरं शिकले तीही रयतेच्याच पैशातून होती, तेव्हा आजोबा हसले नसतील.

कोठीचा_कारकून

शाळा रयतेच्या पैशातून रयतेसाठी. स्पिटफायर रयतेच्या पैशातून चर्चिलसाठी. एवढा फरक कळत नसेल तर शाळा फुकट गेली. आणि सयाजीरावांची पुण्याई नातवाच्या खात्यावर टाकू नका. त्याच नातवाला १९५१ला गादीवरून उतरवलं, ते काय शाळा काढल्या म्हणून?

जुनी_पानं

विद्यापीठ नातवानंच काढलं!!! तुम्ही शिकलात कुठे? नाही, सांगाच.

कोठीचा_कारकून

तिथेच. फी भरून.

दाक्तरीणबाई

चाळीस निरोप वाचले, विमान कुठे गेलं? शिवाय स्पिटफायर हिटलरविरुद्ध उडत होती, एवढं तरी दोघांनी लक्षात घ्या. तो जिंकला असता तर लुगडं आणि विद्यापीठ दोन्ही नसतं.

हंटरवाले_आजोबा

तुम्ही सारखं सूर्यकिरण सूर्यकिरण करता. १९८२ला हवाई दलाच्या पन्नाशीला थंडरबोल्ट्स ही कसरतीची टीम निघाली, नऊ हंटर. मी पाहिलीत. हॉक म्हणजे त्यापुढे स्कूटी. हंटरचा आवाज छातीत बसायचा, रात्री झोपताना परत ऐकू यायचा. बाकी चालू द्या.

अव्रोची_लेक

आजोबा, पाया पडते, पण तुम्ही नेमकं निवांतकाकांच्या हातात कोलीत दिलंत. शोरहॅमला पडलं ते हंटरच.

काका, शोरहॅमचा मुद्दा खरा आहे. मला आवडत नाही, पण खरा आहे. मात्र त्यानंतर इंग्रजांनी काय केलं? म्युझियमला कुलूप घातलं का? जुन्या जेट विमानांना जमिनीवरून उडताना कसरती बंद केल्या, नुसतं सरळ उडून जाऊ द्या म्हणाले. माझं तरी दुसरं काय मागणं आहे? डकोटासारख्या जुन्या मालवाहू विमानानं लूप मारावा असं कोण म्हणतंय? सरळ या, पंख हलवा, जा.

आणि डकोटा म्हटलं म्हणून सांगते. हवाई दलाकडे आहे ती भंगारात निघालेली होती. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतली, इंग्लंडात दुरुस्त करवली आणि हवाई दलाला भेट दिली, कारण त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक. नाव परशुराम, नंबर व्हीपी ९०५. म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ला शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा नंबर. २०१८ला ती युरोप, अरबस्तान करत स्वतःच्या पंखांवर आली आणि भारतात पहिल्यांदा उतरली ती आपल्या जामनगरला. त्या वर्षी ऑक्टोबरात दिल्लीजवळच्या हिंडनला ती उडताना मी पाहिली. माझ्याबरोबर बाबा होते. आधीची सगळी जेट गेली तेव्हा ते शेंगदाणे खात होते. डकोटा आली तशी पुडी खाली ठेवली. तोंडानं एवढंच म्हणाले, "डावं इंजिन जरा उशिरा ऐकू येतंय, नाही?" मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. खांबावरच्या विमानाबद्दल ते असं काय म्हणणार होते?

निवांत_हरणी

ही भावनिक दमदाटी आहे.

अव्रोची_लेक

८४ वर्षांची आई कोणी आणली होती आधी?

निवांत_हरणी

बरं. दोघं फिटलो.

पण २०११चं उत्तर तुम्ही दिलंच नाहीत.

अव्रोची_लेक

देते. तेव्हा बंद केली ते योग्यच केलं. ज्या दिवशी शिकवायला विमान कमी पडेल त्या दिवशी पुन्हा बंद करा, मी मोर्चा काढणार नाही. झालं समाधान? फक्त 'काही अडलं नाही' यावरून 'नकोच' असं निघत नाही. गणपतीत बँड नसला म्हणून विसर्जन अडत नाही.

निवांत_हरणी

बँडबद्दलही माझं मत आहे.

रावपुरा_रिटर्न्स

वाटलंच.

दाक्तरीणबाई

निवांतराव, आईसाठी एक करता येईल. सरावाच्या वेळा आधी छापून आल्या तर निम्मा त्रास जाईल. आमच्या सोसायटीत मी फळ्यावर लिहिलं होतं, "सकाळी विमानं येतील, घाबरू नये." कुत्र्यांनी वाचलं नाही, पण म्हातारी मंडळी खुर्च्या टाकून गच्चीत बसली. त्यातल्या एका आजींनी मला विचारलं की आपली वडोदऱ्यात बनणारी सी-२९५ मालवाहू विमानं कधी येणार. चाळीस विमानं इथे बनणार, हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

अव्रोची_लेक

तीच अव्रोच्या जागी येतायत. अकरा नंबरलाच. त्यामुळे माझी खरी मागणी निराळीच आहे: एक अव्रो उडती ठेवा. एकच. बाकी छप्पनच्या छप्पन नवी घ्या.

निवांत_हरणी

अव्रो मलाही आठवते. ती शिट्टी आली की आई वाळवणं काढायला घ्यायची, संध्याकाळ झाली म्हणून. तिला तो आवाज युद्धाचा वाटायचा नाही, एवढं मान्य. यापलीकडे मी काहीही मान्य केलेलं नाही. सूर्यकिरणला येणार नाही. जुनं विमान येणार असेल तर तारीख आधी कळवा. आणि कोणीही माझ्या फाटकासमोर गाडी लावायची नाही.

रावपुरा_रिटर्न्स

काका, हिरव्या जाळीचं फाटक का? बोगनवेल आहे ते?

निवांत_हरणी

हो. का?

रावपुरा_रिटर्न्स

काही नाही. सहज.

कोठीचा_कारकून

जुनी पानं, विषय बदलला म्हणून सुटलात असं समजू नका. कोणी किती भरले त्याची एखादी यादी, एखादी पावती, काहीतरी दाखवा.

जुनी_पानं

रविवारी सेंट्रल लायब्ररीत जातोय. तीही सयाजीरावांचीच. तुम्हीही या, फी नाही.