बातमीदारी सोडून विद्यापीठात शिकवायला जावं का?

प्रश्न: सतरा वर्षं कोर्ट-क्राइम बीट. शेवटची बातमी टाकून रात्री बाराला घरी, लेक झोपलेली. पत्रकारितेत एम.ए., ५८ टक्के, नेट-सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) नाही. कुणी दारात उभं करेल का?

जुना उपसंपादक: सेट द्या, पुणे विद्यापीठ घेतं. ५५ टक्क्यांची अट तर पार आहेच.

कोपऱ्यातला: यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) २०२२चं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद बघा. १५ वर्षांचा अनुभव हवा, नेट नको. मात्र फार तर ४ वर्षं. कायमची नोकरी नव्हे.

माजी वार्ताहर: मी गेले, तासिका तत्त्वावर. मानधन चार महिन्यांनी एकदम! पहिल्याच तासाला पंचनामा वाचायला दिला. मागच्या बाकावरून आवाज: "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

प्रश्नकर्ता: हसलो. सेटचा फॉर्म भरतो. बायकोला अजून सांगितलं नाहीये.